सतरंजीवरची पुढची रांग

लहानपणी माझी अशी पक्की समजूत होती की येशू पोस्टात कामाला आहे. गीतांमध्ये ‘तारणारा’ हा शब्द सारखा यायचा, आणि आमच्या खेड्यात तार घेऊन येणारा माणूस एकच, राहुरीहून सायकलवर येणारा. तो दारात दिसला की घरात आधी रडारड व्हायची आणि मग कुणीतरी तार वाचायचं. असा माणूस येणार म्हणून सगळी मंडळी टाळ्या वाजवून का गाते, हे कोडं मला दोन-तीन वर्षं सुटलं नव्हतं. कुणाला विचारलंही नाही. मोठ्यांचा आनंद खरा दिसत होता, तेव्हा आपणही टाळ्या वाजवाव्यात, एवढंच कळत होतं. पुढे शाळेत ‘तारणे’ म्हणजे काय ते समजलं, तोवर साठ-सत्तर गीतं मला तोंडपाठ होती.

आता मी जांब्यात राहते. मुळशी तालुक्यातलं जांबे. मुलगा हिंजवडीत नोकरीला, म्हणून त्याच्याबरोबर आले. खिडकीतून एका बाजूला मारुंजीकडची टेकडी दिसते आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट उभे राहिलेले टॉवर. मधे अजून थोडा ऊस तग धरून आहे. कार्तिकात पहाटे गावठाणाकडून काकड्याचा आवाज येतो तेव्हा मी पांघरुणात पडल्या पडल्या बोटांनी ठेका धरते. पेटी मी नगरहून बरोबर आणली. सून म्हणाली होती, ठेवायची कुठे? सध्या ती वॉशिंग मशीनच्या शेजारी असते.

हे सगळं लिहायला निमित्त झालं ते नातीचं. ती तेव्हा चार वर्षांची होती. आम्ही एका मंडळीत पाहुणे म्हणून गेलो होतो. नाव सांगत नाही, माणसं चांगली होती. दुसरं गीत सुरू झालं तशी ती बाकावर उभी राहून मोठ्यानं गायला लागली. शब्द तिचेच होते, पण सूर बरोबर होता. एक भले गृहस्थ वाकून हळूच म्हणाले, मुलांची सोय मागच्या हॉलमध्ये केलीय, तिथे खेळणी आहेत. ती गेली. उपासना संपल्यावर मी तिला आणायला गेले तर ती रंगीत ठोकळे रचत होती. भिंतीपलीकडचं गाणं तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं, भिंत चांगली जाड होती.

घरी येताना मनात आलं, आम्हाला असं कुणी कुठे पाठवत नव्हतं. पाठवणार तरी कुठे? खोली एकच होती.

नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतली जुनी चर्चं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्या डोळ्यांपुढे मनोरा, घंटा, रंगीत काचा येतात. खेड्यात तसलं काही नव्हतं. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं आणि १८३१ मध्ये नगरला. खेडोपाडी त्यांनी आधी काढली ती शाळा. सोमवार ते शनिवार जी शाळा, तेच रविवारी देऊळ. फळा भिंतीकडे तोंड करून उभा करायचा, टेबलावर पांढरा कपडा घालायचा, की झालं. आठवडाभर पाढे घेणारे मास्तरच रविवारी शास्त्रपाठ वाचत आणि उपदेश करत. मुलांच्या दृष्टीनं यात मोठी मौज होती: जागा आमची, मास्तर आमचे, मोठी माणसंच पाहुणी. सतरंजीवर पुढची रांग मुलांची, मुली एका हाताला, मुलगे दुसऱ्या हाताला. तान्ही आणि रांगती आयांच्या मांडीवर. झोप आली की तिथेच आडवं व्हायचं. कितीतरी गीतं माझ्या कानात झोपेतच शिरली असणार.

पुढची रांग, हे शब्द मी जरा सावकाश लिहिते. नगरकडची ख्रिस्ती मंडळी आली ती बहुतेक महार आणि मांग समाजांतून. गावच्या देवळात कीर्तन रंगलं की या घरांतली माणसं बाहेर, पायरीच्याही पलीकडे उभी राहून ऐकत. सनई-हलगी वाजवणारे हात मांगाचे, पण वाजवून झालं की आत जायची सोय नाही. ज्या मुलांच्या आजोबांनी नामदेव-तुकारामांचे अभंग भिंतीबाहेरून पाठ केले, त्यांना आता पुस्तक हातात देऊन सर्वांत पुढे बसवलं होतं. उपदेश कुणाच्या लक्षात राहिला असेल नसेल, आपण कुठे बसलो होतो हे माणूस विसरत नाही. माझी पणजी १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनकडे आलेलं पोर. आईबाप, गाव, आडनाव, तिला काहीच सांगता येत नसे. तिची पहिली आठवण म्हणजे भाकरीसाठी धरलेली रांग. दुसरी आठवण ओळीत बसून गाण्याची. या दोहोंत आधी काय आणि मग काय, याबद्दल मात्र ती दर वेळी वेगळं सांगायची.

मुलांना धर्म गाण्यातून द्यायचा की घोकंपट्टीतून, हा वाद आपल्याकडे मिशनच्याही आधीचा आहे. १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले तेव्हा हातात घंटा घेऊन गल्लीबोळांतून फिरत आणि मुलं गोळा करत, ही गोष्ट गोव्यात लहानथोर सांगतात. गोळा झालेल्यांना शिकवायची ती ‘दौत्रीन’, म्हणजे धर्माची शिकवण. पाठ करायची, विचारलं की म्हणून दाखवायची. पुढे साष्टीत इंग्लंडहून आलेले फादर थॉमस स्टीफन्स होते. त्यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ राचोलला १६१६ मध्ये छापलं गेलं. ते लिहिण्याचं कारण त्यांनी पुराणातच घातलं आहे. एका रविवारी संध्याकाळची प्रार्थना आटोपल्यावर लोक दौत्रीन ऐकायला बसलेले असतात, आणि एक ब्राह्मण ख्रिस्ती उठून पाद्रीला म्हणतो की दौत्रीन चांगली आहे, पण आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरं एखादं पुराण द्या. मला हा माणूस फार आवडतो. प्रश्नोत्तरांनी पोट भरत नाही, हे त्यानं चारचौघांत सांगितलं. फादरनी जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहून त्याचं ऐकलं.

ओवीच का, हे कुणाला वेगळं सांगायला नको. जात्यावर बसलेल्या आईच्या मांडीवर ज्यांची मान डुलली त्यांना ओवीचं वळण अंगातच असतं.

मिशनरींना मात्र हे उमजायला वेळ लागला. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या कानात त्यांच्या आयांची गाणी होती, आमच्यासाठी त्यांनी तीच उघडून ठेवली. नगरचे हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्यांनी मराठी शिकून कष्टानं गीतं रचली, चाली मात्र पश्चिमेच्या. पेटी वाजवणारीला यातली अडचण बोटांतून कळते. इंग्रजी गीत चालतं ते आघातावर, शब्दाच्या कुठल्या तुकड्यावर जोर द्यायचा त्यावर. मराठी कान बघतो ऱ्हस्व-दीर्घ. ‘मला’ हा साधा शब्द घ्या. त्याच्या ‘म’वर इंग्रजी चालीचा लांब सूर आला की त्याचं ‘माला’ होतं. मोठी माणसं मनातल्या मनात दुरुस्त करून घेतात. मूल तसं करत नाही, ते ऐकतं तसंच धरतं. देव आपल्याला फुलांची माळ कधी देणार, याची वाट पाहणारी एक मैत्रीण मला होती.

आणि तरीही या चाली आमच्या झाल्याच. खेड्यातल्या ढोलकीनं त्यांना ठोकून ठोकून केरव्यात बसवलं. साहेबाच्या देशात जे गीत संथपणे, उभं राहून म्हणत असतील, ते आमच्याकडे तिसऱ्या कडव्यापर्यंत असं काही धावायचं की पाळकांना हात वर करावा लागे. त्या गीतांवर परकी म्हणून काट मारायला माझी पेटी तयार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरकडे ख्रिस्ती कीर्तनं सुरू झाली. कृष्णराव रत्नाजी सांगळे हे त्या पिढीतलं मोठं नाव. कीर्तन करत आणि देशी चालींवर गीतं बांधत. कीर्तन म्हणजे रात्र आणि कंदील, टाळ, चिपळ्या, पूर्वरंग आणि उत्तररंग, मधे साकी, दिंडी, पदं. आणि गोष्ट. सांगायची गोष्ट अब्राहामाची किंवा उधळ्या पुत्राची, सांगण्याची रीत मात्र नारदाच्या गादीची. मुलांना तिथे हाकलावं लागत नसे, कारण हाकलूनही ती गेली नसती. ध्रुपद धरायचं काम त्यांचंच. बुवा ओळ टाकून थांबले की पुढची रांग ती उचलायची, आणि उचलली नाही तर बुवा मिस्कीलपणे आमच्याकडे बघत उभे. माझ्या लहानपणी अशी कीर्तनं अजून होत. धाकाचे चार शब्द तेवढी जबाबदारी शिकवत नाहीत.

मग नारायण वामन टिळक आले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा १८६१ चा जन्म, मुंबईत १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा, आणि पुढचं बरंच आयुष्य नगरला. शाळेच्या पुस्तकांनी त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ करून ठेवलं आहे. बिरुद गोड आहे, पण त्यामागचं काम झाकून टाकतं. टिळकांनी शंभराहून अधिक भजनं, गीतं रचली आणि ती रचताना मराठी मंडळीला सुटसुटीत श्वास घेता येईल असं वळण दिलं. अभंगात लघु-गुरूचा काच नसतो, फक्त अक्षरं मोजायची. मोठा अभंग सहा, सहा, सहा आणि चार. लहान अभंग आठ आणि आठ. हाताची बोटं ज्याला मोजता येतात त्याला अभंग कळतो. वारकऱ्यांनी तो शेतकऱ्याच्या, कुणब्याच्या तोंडी बसवला तो याच सोयीमुळे, आणि आमच्या पोरांच्या तोंडी तो बसला तोही त्यामुळेच. स्कॉटिश मिशनरी निकल मॅक्निकल यांनी टिळकांची गीतं इंग्रजीत नेली, तिकडच्या गीतसंग्रहांत ती छापलीही गेली. तिकडे ती तिकडच्या चालीत गातात. फिटंफाट झाली म्हणायची.

टिळकांच्या घराविषयी मला त्यांच्या गीतांइतकंच कुतूहल वाटतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना त्या घरात मुलं मोजताच येत नाहीत. पोटची, सांभाळलेली, शिकायला राहिलेली, दुष्काळानं आणलेली. बालकवी ठोमरे नगरला त्यांच्याकडेच राहिले, वयानं पोर आणि प्रतिभेनं मोठा. जलालपूरच्या कडक सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंच्या चुलीभोवती ही सगळी. त्या बाईंचं शिक्षण शाळेत झालेलं नव्हतं, कविता त्यांना आली ती कानातून. नवऱ्याचं अर्धं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांनी त्याच्यामागे पुरं केलं. मुलांची गाणी लिहिणाऱ्याला शांत खोली लागते असं कुणी म्हणालं की मी त्यांना ‘स्मृतिचित्रे’ वाचायला देते. परत येत नाही ते पुस्तक. आतापर्यंत चार प्रती गेल्या.

छापील मुलुखातही मुलांना जागा होती. ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून निघत होता, पण तो मोठ्यांचा. १८७२ मध्ये मिशननं मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ काढला. नावातच खाऊ. चित्रं, गोष्टी, पाखरांची माहिती, आणि कविता. टिळक आणि पुढे त्यांचे चिरंजीव देवदत्त यांचा त्या मासिकाशी जवळचा संबंध. आमच्या घरी त्याचे काही बांधीव अंक होते. वाळवी लागेपर्यंत आम्ही ते पालथे पडून वाचले. त्यातली कविता वाचायची नसते, चाल लावून म्हणायची असते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी रीत ठाऊकच नव्हती.

याच आमच्या पुणे जिल्ह्यात, दौंडकडे केडगावला, पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून, आणि १९०० च्या सुमाराला गुजरातेतून, त्यांनी मुली-बायका उचलून आणल्या. १९०० पर्यंत तिथे सुमारे दीड हजार माणसं राहत होती. भाषा वेगवेगळ्या, अंगावर कपडा नाही, पोटात भूक. अशा मुलींना एकत्र ओवायला गाण्याशिवाय दुसरा दोरा कुठला? रमाबाईंना हे दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती. स्वतः त्या पहाटे आईजवळ बसून संस्कृत शिकल्या होत्या. पुस्तकापेक्षा आईच्या तोंडून. बाराव्या वर्षापर्यंत त्यांना भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ होते असं सांगतात. ज्या बाईनं गुडघ्याला गुडघा लावून वेद-पुराणाची भाषा आत्मसात केली, ती आपल्या मुलींना मागच्या हॉलमध्ये ठोकळे रचायला पाठवेल काय? त्यांची मुलगी मनोरमाबाई यांनी तिथे अंध मुलींसाठी ब्रेलचं शिक्षण सुरू केलं. ज्यांना पुस्तक दिसत नाही त्यांच्यासाठीही पाठ येणारं गीत हे पूर्ण गीत असतं, त्यात काही उणं नसतं.

आता शब्बाथ शाळेबद्दल. मी स्वतः एकतीस वर्षं शब्बाथ शाळा घेतली आहे, तेव्हा तिच्याविरुद्ध बोलतेय असं कुणी समजू नये. पण ती मुळात निघाली कशासाठी? ग्लॉस्टरचे रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये ती चालू केली ती कारखान्यांतून राबणाऱ्या पोरांसाठी. आठवड्यात सुट्टी एकच, रविवारची, म्हणून रविवारी अक्षरओळख. भारतात १८७६ मध्ये अलाहाबादला इंडिया संडे स्कूल युनियन स्थापन झाली आणि वर्ग, पाठाचे तक्ते, परीक्षा, बक्षिसं असं सगळं रीतसर झालं. मला तिसरीत पाठांतराचं बक्षीस म्हणून गुलाबी मुखपृष्ठाचं मार्काचं शुभवर्तमान मिळालं होतं, अजून आहे. आमच्याकडे ही शाळा उपासनेच्या आधी भरायची, आणि मग मुलं हात-पाय धुऊन मोठ्यांच्या पुढे येऊन बसायची. दोन्ही गोष्टी व्हायच्या. शहरात वेळ कमी, जागा भाड्याची, म्हणून दोन्ही एकाच घटकेला भरायला लागल्या. कुणी दुष्टपणानं मुलांना बाहेर काढलं नाही, घड्याळानं काढलं. पण मग मूल जे शिकतं ती मुलांचीच गाणी, हातवारे करून म्हणायची, छान असतात. बारा-तेराव्या वर्षी ती लहान होतात, अंगाला बसत नाहीत. मोठ्यांची गीतं तोवर कानावर पडलेलीच नसतात. अशी मुलं मग उपासनेत फोन बघत बसतात आणि वडीलमंडळी बैठक बोलावतात.

मत्तयाच्या शुभवर्तमानात मंदिरात पोरं होसान्ना ओरडतात आणि मुख्य याजकांना राग येतो, तो प्रसंग मी त्या बैठकीत एकदा काढला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा आला.

जांब्यात सध्या एवढंच करते: शनिवारी संध्याकाळी आमच्या आणि शेजारच्या दोन टॉवरमधली सात-आठ मुलं येतात. सोलापूर, जालना, नगर, एक घर वसईचं. आयाबापांनीही थांबायचं, ही माझी अट. सोफा भिंतीला लावून खाली सतरंजी टाकते. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाची माझी प्रत सुटी झाली आहे, पानं रबरबँडमध्ये. बहुतेक मुलांना मराठी वाचायला जड जातं, आया फोनवर रोमन लिपीत ओळी लिहून देतात. मला ते बघवत नाही, पण मी बघते. पहिलं गीत एखादं जुनं, संथ, मोठ्यांचं. जालन्याकडच्या मुलाचे वडील तबला बरा वाजवतात, मात्र केरव्याशिवाय त्यांना काही येत नाही.

नात आता आठ वर्षांची आहे. तिला बोटांवर अभंग मोजायला शिकवलं. सहा, सहा, सहा, चार. मागच्या शनिवारी एका ओळीवर ती अडली, तीनदा मोजलं आणि पेटीवर हात ठेवून मला थांबवलं.

“आजी, इथं एक अक्षर जास्त आहे. सात होतात.”

“मोजू नको, म्हणून बघ.”

तिनं म्हणून पाहिलं. दोन अक्षरं जरा दाटीवाटीनं म्हटली आणि समेवर बरोबर आली. तेवढ्यात बेल वाजली, वसईवाल्यांकडे पाहुणी आलेली भाचरं दारात उभी होती, तिघं. त्यांची आई म्हणाली, जागा नाही हो तुमच्याकडे, आम्ही पुढच्या वेळी येतो. नात सतरंजीवर सरकत होती.